माझा, माझी, माझे आणि मोय, मोया, मोये

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, वय 58, बँकेतून निवृत्त झालेली गृहिणी. माझा मुलगा व्हिएन्नात नोकरी करतो आणि दोन वर्षांपूर्वी त्याने लेयला या बोस्नियन मुलीशी लग्न केले. तिचे आईवडील बोस्नियातल्या तुझला या गावी राहतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे महिनाभर त्यांच्याकडे जाणार आहोत. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून इंग्रजी माध्यमातले एक पुस्तक आणून मी सहा महिने बोस्नियन शिकते आहे. शब्द पाठ होतात, पण त्यांचे लिंग लक्षात राहत नाही, आणि ‘माझे’ या एका शब्दाची इतकी रूपे आहेत की तो तक्ता पाहिला तरी पोटात गोळा येतो. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी ‘मोय स्नाहा ये दोबार’ असे म्हणाले आणि पलीकडचे सगळे हसले. प्रेमानेच हसले, पण मला लागले. या वयात हे जमेल का? लिंग ओळखण्याची काही युक्ती आहे का? मुलगा म्हणतो की क्रोएशियन भाषेचे पुस्तकही चालेल, ते खरे का? विहीणबाईंसाठी पैठणीच्या कापडाची पर्स घेतली आहे. तिच्या पाकिटावर ‘लेयलाच्या आईसाठी’ हे कसे लिहायचे, तेही कृपया सांगावे.
— वि. कु., नाशिक

उत्तर

सौ. वि. कु. यांस सप्रेम नमस्कार.

आधी त्या हसण्याचा उलगडा करतो. तुम्ही जे म्हणालात त्याचे शब्दशः मराठी ‘माझा सून चांगला आहे’ असे होते. एखादी परदेशी बाई तुमच्या घरी येऊन, तोंड भरून, अगदी मनापासून हे वाक्य म्हणाली तर तुम्हीही हसाल, आणि त्याच क्षणी ती तुम्हाला आवडू लागेल. बरोबर वाक्य ‘मोया स्नाहा ये दोब्रा’ असे आहे. माझी सून चांगली आहे. तीन जागी बदल हवा होता असे वाटते, पण ‘स्नाहा’ हा शब्द तुम्ही बिनचूक घेतलात. चुकले ते त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द, कारण ते सुनेचे लिंग पाहून बदलतात. आणि हे बदलणे मराठी माणसाला नवीन नाही.

माझे मत विचाराल तर तुमची अडचण वयाची नाही आणि भाषेचीही नाही. ती तुम्ही निवडलेल्या वाटेची आहे. नाशिकहून तुझलाला जाताना तुम्ही लंडनला उतरता आहात. इंग्रजीत ‘माझे’ या अर्थी एकच शब्द आहे आणि तो भाऊ, बहीण, मूल या कोणाहीपुढे तसाच राहतो. त्यामुळे इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकाला ‘नामाला लिंग असते’ येथूनच सुरुवात करावी लागते आणि मग धीर सुटेल असा तक्ता समोर मांडावा लागतो. तुम्हाला मात्र माझा भाऊ, माझी बहीण, माझे मूल हे अडीच वर्षांच्या असल्यापासून येते. बोस्नियनमध्ये त्याच तीन जागी मोय ब्रात, मोया सेस्त्रा, मोये दियेते असे म्हणतात. लिंगेही तीन आणि तीच: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. हिंदीभाषकाला नपुंसकलिंग मुळापासून शिकावे लागेल. मूल हे नपुंसकलिंगी कसे असू शकते, हे त्याला समजावून सांगता सांगता शिक्षक थकेल. तुम्हाला ते सांगावेच लागत नाही.

पुढे जाण्यापूर्वी उच्चारांविषयी दोन शब्द. मी येथे बोस्नियन शब्द देवनागरीत लिहितो आहे. तुमच्या पुस्तकात ज्या रोमन अक्षराला आपण ‘जे’ म्हणतो, त्याचा उच्चार तिथे ‘य’ असा होतो. म्हणूनच आपल्या वर्तमानपत्रांतले साराजेवो प्रत्यक्षात सारायेवो आहे. त, द हे आपल्यासारखेच दंत्य आहेत, ट आणि ड तिथे नाहीत. मी ‘त्स’ लिहितो तो ‘चमचा’ या शब्दातला च आहे, ‘चहा’मधला नव्हे. हा भेद इंग्रजी माणसाला घोटून घ्यावा लागतो, तुम्हाला फुकट मिळालेला आहे.

आता लिंग ओळखण्याच्या युक्तीकडे येतो. बोस्नियन याबाबतीत मराठीपेक्षा पुष्कळच सरळ आहे. शब्दाचा शेवट व्यंजनाने झाला तर तो बहुधा पुल्लिंगी, ‘आ’ने झाला तर बहुधा स्त्रीलिंगी, ‘ओ’ किंवा ‘ए’ने झाला तर बहुधा नपुंसकलिंगी. ग्राद म्हणजे शहर, तो पुल्लिंगी. कुचा म्हणजे घर, ती स्त्रीलिंगी. सेलो म्हणजे खेडे, ते नपुंसकलिंगी. त्या देशाचा नकाशाच यासाठी उजळणीची वही म्हणून वापरावा, असे मी नेहमी सांगतो. मोस्तार, त्राव्निक, बिहाच हे पुरुष. तुझला, झेनित्सा या स्त्रिया. सारायेवो, याय्त्से, गोराझ्दे ही नपुंसके. तुमच्या विहीणबाईंना ‘मोया तुझला’ म्हणताना ऐकाल, तर सारायेवोचा माणूस ‘मोये सारायेवो’ म्हणेल. नद्यांमध्ये बोस्ना, द्रिना, नेरेत्वा, मिल्यात्स्का या आपल्या गोदावरी-कृष्णेसारख्या स्त्रीलिंगी आहेत. पण बान्या लुका शहरातून वाहणारा व्रबास मात्र पुरुष आहे. नदी पुरुष असते याची सवय आपल्याला ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे फारशी नाही, तेव्हा हा एक लक्षात ठेवावा.

इतके सोपे असूनही तुमची चूक का होते, याचे कारण मला तुमच्या वाक्यात स्पष्ट दिसते, आणि ते मराठीतूनच आलेले आहे. मराठी कानाला ‘आ’ हा पुरुष वाटतो. आंबा, घोडा, दिवा, माझा, चांगला. म्हणून ‘मोया’ आणि ‘दोब्रा’ ही रूपे ऐकताच आपल्याला ‘माझा’ आणि ‘चांगला’ असा भास होतो आणि सुनेसाठी ती वापरायला जीभ कचरते. तिथला ‘आ’ म्हणजे आपली ‘ई’, एवढे एक वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवून ठेवावे. माझी चांगली: मोया दोब्रा. ‘तो, ती, ते’ लावून लिंग ओळखण्याची शाळेतली रीतही तिथे चालते, पण तिच्यातही एक खोडी आहे. त्यांचे तीन शब्द ताय, ता, तो असे आहेत आणि त्यांतला ‘तो’ नपुंसकलिंगी आहे. तो सेलो म्हणजे ‘ते खेडे’. पहिले काही आठवडे या ‘तो’ने मला भंडावून सोडले होते.

मराठी लिंग बोस्नियन शब्दाला चिकटवण्याचा मोह मात्र आवरावा. काही ठिकाणी दोन्ही जुळतात आणि तेच घातक ठरते. रात्र स्त्रीलिंगी, नोच स्त्रीलिंगी. दूध नपुंसकलिंगी, म्लियेको नपुंसकलिंगी. चहा पुल्लिंगी आणि चायही पुल्लिंगी. मग आपण निर्धास्त होतो आणि पुस्तकाला नपुंसकलिंगी ठरवून मोकळे होतो. ते तिथे क्न्यिगा, म्हणजे स्त्रीलिंगी आहे. पाणी म्हणजे वोदा, तेही स्त्रीलिंगी. ओळखीचे वाटणारे शब्द तर जास्तच फसवतात. उस्मानी राजवटीची काही शतके बोस्नियाने अनुभवली, आणि तुर्कीच्या वाटेने तिथे पोहोचलेले फारसी-अरबी शब्द आपल्याकडेही आलेले आहेत. आपले दुकान नपुंसकलिंगी, त्यांचा दुचान पुल्लिंगी. आपली खबर स्त्रीलिंगी, त्यांचा हाबेर पुल्लिंगी. आपला बगीचा पुरुष, त्यांची बाश्चा स्त्री. आपला मोहल्ला आणि त्यांची माहाला. अर्थ सांगण्यापुरती ही नाती कामाची आहेत. लिंगासाठी मात्र शब्दाचा शेवट पाहावा, आपली आठवण चाचपू नये.

शेवट पाहूनही फसवणारे शब्द थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले आहेत. व्यंजनाने संपणारे तरीही स्त्रीलिंगी असे नोच, स्त्वार म्हणजे वस्तू, रियेच म्हणजे शब्द, ल्युबाव म्हणजे प्रेम, येसेन म्हणजे शरद ऋतू. ‘ओस्त’ने संपणारी भाववाचक नामे, जसे म्लादोस्त म्हणजे तारुण्य किंवा रादोस्त म्हणजे आनंद, स्त्रीलिंगीच असतात. पूल म्हणजे मोस्त, तो मात्र भाववाचक नाही आणि पुल्लिंगीच आहे. मोस्तारचा 1566 साली बांधून झालेला, 1993 च्या युद्धात कोसळलेला आणि 2004 मध्ये पुन्हा उभा राहिलेला पूल ‘स्तारी मोस्त’ म्हणून ओळखला जातो. स्तारी म्हणजे जुना. गंमत अशी की पुलाला तिथे तुर्कीतून आलेला चुप्रिया असाही शब्द आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे 1914 साली ज्याच्या टोकाशी ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, तो सारायेवोतला एकच पूल कोणाच्या तोंडी ‘लातिन्स्की मोस्त’ असतो, तर कोणाच्या तोंडी ‘लातिन्स्का चुप्रिया’. लिंग दगडाच्या कमानीला नसते, शब्दाला असते, हे मला तिथे नदीकाठी उभे राहून जितके पटले तितके कोणत्याही व्याकरणाने पटवले नाही.

तुमच्या मुक्कामाशी जोडलेला आणखी एक अपवाद आहे. मीठ म्हणजे सो. शेवटी ‘ओ’ आहे, तेव्हा नपुंसकलिंगी वाटते, पण ती स्त्रीलिंगी आहे, आणि विभक्ती लागली की तिच्या पोटातला ल बाहेर येतो: सोली. तुझला हे नाव तुर्कीतल्या मिठाच्या शब्दावरून पडले आहे, आणि त्याआधी मध्ययुगात त्या मुलखाला सोली असेच म्हणत. मिठाच्या खाणींचे ते गाव, आजही शहराच्या मध्यभागी खाऱ्या पाण्याची तळी आहेत. तेव्हा विहीणबाईंच्या टेबलावर मीठ मागताना हा शब्द विसरणार नाही. टेबलाची गतही तशीच आहे: स्तो, पुल्लिंगी, पुढे स्तोला.

उलट बाजूचे अपवाद घरातलेच आहेत. ‘आ’ने संपणारे पण पुरुष असलेले ताता म्हणजे बाबा, कोमशिया म्हणजे शेजारी, अमिजा आणि दाइजा. शेवटच्या दोघांची तुम्हाला ओळख करून देताना मला विशेष आनंद होतो, कारण अमिजा म्हणजे काका आणि दाइजा म्हणजे मामा. हा फरक इंग्रजीत एका शब्दात करता येत नाही. हे शब्द चालतात स्त्रीलिंगी नामांसारखे, पण त्यांच्यापुढे येणारा ‘माझा’ पुरुषी राहतो: मोय दाइजा, मोय कोमशिया. आपल्याकडे ‘माझा कवी मित्र’ म्हणताना कवीच्या ई-काराने आपण गोंधळत नाही, तसेच हे. याच ओघात सांगतो, तुम्हाला ज्या शब्दाची तिथे सर्वांत जास्त गरज पडणार आहे, तोही इंग्रजी पुस्तकात बहुधा सापडणार नाही. विहीण म्हणजे प्रिया आणि व्याही म्हणजे प्रियातेल्य. या दुसऱ्या शब्दाचा नेहमीचा अर्थ मित्र असा आहे. दोन्हींच्या मुळाशी आपला ‘प्रिय’ आहे, जसा स्नाहाच्या मुळाशी संस्कृतातल्या ‘स्नुषा’चा सख्खा भाऊबंद आहे, आणि त्या स्नुषेचीच मराठीत सून झाली. मोया प्रिया म्हणजे माझी विहीण. हे म्हणताना लाजू नये.

आता तुमच्या त्या भीतिदायक तक्त्याकडे. त्याने घाबरण्याचे कारण नाही, पण तो सोपा आहे असेही मी म्हणणार नाही, कारण मराठीची मदत येथे अर्ध्या वाटेवर संपते. प्रत्यय लागण्यापूर्वी माझा, माझी, माझे असे तीन असतात, आणि प्रत्यय लागला की तिन्ही एकाच ‘माझ्या’त विरघळतात: माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या मुलाला. बोस्नियनमध्ये तो ‘माझ्या’ दोन तुकड्यांत फुटतो. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एका बाजूला जातात, स्त्रीलिंग दुसऱ्या बाजूला. मोम ब्रातु, मोम द्येतेतु, पण मोयोय सेस्त्रि. माझ्या शहरात, माझ्या खेड्यात, माझ्या घरात हे उ मोम ग्रादु, उ मोम सेलु, उ मोयोय कुची असे होते. सात विभक्तींचा सगळा तक्ता एकदम पाठ करण्याऐवजी तुम्ही या एका फुटीवर महिना घालवावा, असे मी सुचवेन. रोज घरात फिरताना ‘माझ्या’ हा शब्द मनात आला की थांबावे आणि स्वतःला विचारावे: मोम की मोयोय?

कर्म असलेल्या नामाबाबत आणखी एक जुळणारी गोष्ट आहे. मराठीत आपण ‘मी माझे टेबल पाहते’ म्हणतो, पण ‘मी माझ्या भावाला पाहते’; सजीवाला ‘ला’ लागतो, निर्जीवाला लागत नाही. बोस्नियन पुल्लिंगी नामांत नेमका हाच भेद आहे. टेबल कर्म असताना मोय स्तो तसाच राहतो, भाऊ मात्र मोग ब्राता होतो. स्त्रीलिंगी नाम मात्र सजीव असो वा निर्जीव, बदलतेच: मोयु स्नाहु, मोयु क्न्यिगु.

‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या धड्यात ते येतीलच. न्येगोव म्हणजे त्याचा, न्येन म्हणजे तिचा. इंग्रजी शिकलेला माणूस येथे हमखास अडखळतो, कारण मालक आणि वस्तू या दोघांचीही खूण एकाच शब्दात असते. आपल्याला ते रोजचेच आहे: ‘तिचा’ या शब्दात ‘ति’ मालकीण सांगते आणि ‘चा’ वस्तूचे लिंग. न्येन स्तो, न्येना कुचा, न्येनो सेलो. तिचे टेबल, तिचे घर, तिचे खेडे. मोये आणि नाशे (म्हणजे आमचे) यांत शेवटी ‘ए’, तर न्येनो आणि न्येगोवो यांत ‘ओ’ का, असे विचाराल. आधीचे व्यंजन य, श, च, ल्य, न्य असे मृदू असेल तर ए, एरवी ओ, असा ढोबळ नियम आहे, आणि तेवढा पुरतो.

एका जागी मराठी आपल्याला सरळ खड्ड्यात घालते, ती जागा म्हणजे आदरार्थी बहुवचन. ‘माझे वडील आले’, ‘माझ्या विहीणबाई आल्या’ असे बोलण्याची सवय असल्याने आपण तिथेही ‘मोये’ किंवा ‘मोयी’ म्हणू लागतो. बोस्नियनमध्ये समोरच्या व्यक्तीला आदराने ‘वी’ म्हणजे तुम्ही म्हणतात, पण तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना वडीलही एकवचनीच असतात: मोय ताता, मोया प्रिया. त्यात उद्धटपणा काही नाही. सुरुवातीला जीभ रेटत नाही, हे खरे.

आता नावापासून होणारी षष्ठी, म्हणजे तुमच्या पाकिटाचा प्रश्न. मराठीत ‘चा’ कोणालाही लागतो. बोस्नियनमध्ये मालक एका शब्दात सांगता येत असेल तर त्याचे विशेषण बनते. नाव व्यंजनाने किंवा ‘ओ’ने संपत असेल तर बहुधा ‘ओव’ लागतो आणि ‘आ’ने संपत असेल तर ‘इन’. एमिरोव, एमिरोवा, एमिरोवो. लेयलिन, लेयलिना, लेयलिनो. ‘इन’ हा बायकांचा प्रत्यय आहे असा पुष्कळांचा समज होतो, तो चुकीचा आहे. मुस्ताफा पुरुष असूनही त्याचे मुस्ताफिन होते आणि मामाचे दाइजिन. मालक जर एकाहून अधिक शब्दांचा असेल, ‘माझ्या सुनेचे घर’ असे, तर मात्र विशेषण चालत नाही. मग वस्तू आधी येते आणि मालक षष्ठीत मागे जातो: कुचा मोये स्नाहे, जणू ‘घर माझ्या सुनेचे’. आपल्या ओव्यांमध्ये असा क्रम सर्रास येतो, त्यामुळे तो कानाला परका लागत नाही. येथले ‘मोये’ पाहून नपुंसकलिंग समजू नये. ती स्त्रीलिंगाची षष्ठी आहे.

हा नियम मला पुस्तकाने नव्हे, सारायेवोच्या एका रस्त्याने शिकवला. मी तिथे चार वर्षे राहिलो. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांचे नाव आहे, आणि पाटीवर ‘मार्शाला तिता’ असे लिहिलेले आहे. पण ट्रॅमची वाट पाहणारा कोणीही माणूस त्याला तसे म्हणत नाही. तो म्हणतो ‘तितोवा’. पाटीवर दोन शब्दांचा मालक आहे, म्हणून षष्ठी. तोंडी एकच शब्द उरला, म्हणून विशेषण, आणि रस्ता म्हणजे उलित्सा स्त्रीलिंगी, म्हणून तितोव नाही तर तितोवा. त्याच शहरात 1531 च्या सुमारास उभी राहिलेली उस्मानी सुभेदार गाझी हुसरेव बेगांची मशीद आहे, ती ‘बेगोवा जामिया’, कारण जामिया स्त्रीलिंगी. त्यांचाच झाकलेला बाजार ‘बेगोव बेझिस्तान’, कारण बेझिस्तान पुल्लिंगी. आणि मिल्यात्स्का नदीच्या काठी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या नावाचा फिरायचा रस्ता ‘विल्सोनोवो शेतालिश्ते’, कारण शेतालिश्ते नपुंसकलिंगी. तिन्ही लिंगे पायी फिरून होतात. बेगोविच, इझेत्बेगोविच अशी आडनावे ऐकाल तेव्हा त्यांच्या पोटातला हाच ‘ओव’ ऐकू येईल: बेगाचा, आणि पुढे ‘इच’ म्हणजे लेकरू.

स्वोय या शब्दाबद्दल मात्र सावध करतो, कारण त्यात मी स्वतः तोंडावर पडलो आहे. स्वोय म्हणजे आपला, स्वतःचा. संस्कृतातला ‘स्व’ आणि हा एकाच घरचे. कर्ता आणि मालक एकच असेल तर बोस्नियन माणूस स्वोय वापरतो. जुन्या मराठीत ‘रामाने आपल्या भावाला बोलावले’ आणि ‘रामाने त्याच्या भावाला बोलावले’ यांत फरक होता. आजकाल आपण दोन्हीकडे ‘त्याच्या’ म्हणून वेळ मारून नेतो. एके संध्याकाळी माझा शेजारी दाराशी ताटकळत उभा होता. घरमालकीणबाईंनी तो कशासाठी थांबला आहे असे विचारले, आणि मी मोठ्या ऐटीत ‘एमिर चेका न्येगोवु झेनु’ असे सांगितले. मला म्हणायचे होते, एमिर त्याच्या बायकोची वाट पाहतो आहे. मी म्हणालो होतो, एमिर दुसऱ्याच कोणाच्या तरी बायकोची वाट पाहतो आहे. बाईंनी हातातली कॉफीची झारी खाली ठेवली, माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून विचारले, ‘चियु?’ म्हणजे कोणाच्या? ते ‘स्वोयु झेनु’ मी त्या दिवसानंतर कधीच चुकलो नाही. ही चूक तिथले लोकही बोलताना कधीकधी करतात, पण त्यांची कोणी अशी चौकशी करत नाही.

मुलाच्या म्हणण्याविषयी: त्याचे म्हणणे बरोबर आहे. बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन या तिन्ही आज त्या देशाच्या अधिकृत भाषा आहेत आणि लिंग, विभक्ती, मालकीची रूपे यांच्यापुरते त्यांचे व्याकरण जवळजवळ एकच आहे. शब्द मात्र तपासून घ्यावेत. क्रोएशियन पुस्तकात भाकरीला क्रुह आणि कॉफीला कावा म्हटलेले असेल, तुमच्या विहीणबाईंकडे ती ह्ल्येब आणि काफा किंवा काहवा असेल. नात्यांच्या भाषेबद्दल हा इशारा अधिक खरा आहे.

अभ्यासाची पद्धत एकाच गोष्टीत सांगतो. वहीत एकटे नाम कधीही लिहू नये. कुचा असे न लिहिता मोया कुचा, नोच न लिहिता मोया नोच, दाइजा न लिहिता मोय दाइजा असे लिहावे, आणि मोठ्याने वाचावे. आपण लहानपणी ‘रात्र स्त्रीलिंगी’ असे पाठ केले नव्हते. ‘ही काळी रात्र’ असे ऐकले होते. अर्थ इंग्रजीत न लिहिता मराठीत, आणि तोही ‘माझी वस्तू’, ‘माझा शब्द’ असा लिहावा, म्हणजे दोन भाषांची लिंगे कुठे जुळतात आणि कुठे भांडतात ते त्याच ओळीत दिसेल. माझ्या अंदाजाने अशी दोनशे नामे झाली की पुढची आपोआप रांगेत बसतात. जूनपर्यंत तुम्हाला तेवढी सहज होतील. सगळ्या विभक्ती होणार नाहीत, आणि त्याविना महिनाभर कॉफी पिता येते.

आता पाकीट. ‘साठी’ हा शब्द तिथे नामाच्या आधी येतो, त्याला ‘झा’ म्हणतात, आणि त्याच्यापुढचे नाम कर्माच्या रूपात जाते. लेयलाची आई म्हणजे लेयलिना मामा; दोन्ही शब्दांचा ‘आ’ जाऊन ‘उ’ येतो. तेव्हा पाकिटावर ‘झा लेयलिनु मामु’ असे लिहावे. देवनागरीत लिहून पाठवत असाल तर यजमानांना आधी समजावून ठेवा, नाहीतर पैठणीची पर्स सुनेच्या मामाला कशासाठी, असे ते विचारतील.